समुद्रसपाटीचे गिर्यारोहण

ज्या मोहिमेत वाट शोधणे, तंबू उभारणे, स्वयंपाक करणे, दोर बांधणे, हवामान ओळखणे आणि माघारी फिरण्याची वेळ ठरवणे ही गिर्यारोहणातील बहुतेक सर्व कामे एक मंडळी करतात, आणि यांतले काहीही न करणारी दुसरी मंडळी त्याबद्दल पैसे मोजून गिर्यारोहक ठरतात, तिला मार्गदर्शित मोहीम म्हणता येईल. व्याख्या वरकरणी कुत्सित वाटली तरी तीत निंदेचा हेतू नाही. आल्प्समधील शामोनी गावच्या वाटाड्यांनी १८२१ मध्ये आपला संघ स्थापन केला तेव्हापासून हा व्यवहार उभयपक्षी संमतीने चालत आला आहे, आणि ज्या अर्थी दोन शतकांत कोणीही तो मोडलेला नाही त्या अर्थी तो दोघांनाही परवडत असला पाहिजे. त्याच्या अभ्यासातली खरी अडचण निराळी आहे. महाराष्ट्रातून हिमालयात जाणारे बहुतेक लोक पुणे, मुंबई, नाशिक येथले असतात, आणि सुटीचा वार आला की सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर जाऊन येण्याची त्यांना लहानपणापासून खोड असल्यामुळे त्यांच्या स्वभावात डोंगर आधीच मुरलेला असतो. मार्गदर्शित मोहिमेने माणसाचे नेमके काय होते हे पाहायचे तर डोंगराचा पूर्वसंस्कार नसलेला, आणि शिवाय कोणाचेही सहसा न ऐकणारा मनुष्य घ्यायला हवा. असा मनुष्य मालगुंडात मिळतो.

मालगुंड हे रत्नागिरी तालुक्यातले, गणपतीपुळ्याच्या शेजारचे, समुद्रकाठचे गाव. केशवसुतांचा जन्म १८६६ मध्ये येथे झाला आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेले त्यांचे स्मारक १९९४ पासून येथे आहे, हे शाळेच्या सहलीत पुष्कळांना कळते. गावाच्या गिर्यारोहणविषयक महत्त्वाकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले नाही. शिखरांची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात, आणि सरासरी समुद्रसपाटी म्हणजे भरती-ओहोटीच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेली पाण्याची मधली पातळी. हे पाणी दिवसातून दोनदा चढताना आणि दोनदा उतरताना मालगुंडकर पाहत आलेला असतो. एव्हरेस्टची उंची नेपाळ आणि चीन यांनी २०२० मध्ये ८,८४८.८६ मीटर अशी जाहीर केली, तिच्यातला पहिला मीटर गायवाडीच्या वाळूतच कोठेतरी सुरू होतो असे त्याचे म्हणणे असते, आणि ते भूमापनशास्त्राला धरून आहे. त्यापुढचा त्याचा निष्कर्ष शास्त्राला तितकासा धरून नाही. पुण्याचा मनुष्य घरी बसल्या बसल्या सुमारे ५६० मीटर चढलेला असतो आणि काठमांडूचा सुमारे १,४००, तेव्हा शिखर गाठल्यावर या लोकांच्या नावावर तेवढे मीटर कमी लिहावेत, पूर्ण उंचीचा मानकरी किनाऱ्यावरचाच धरावा, असे तो सुचवतो. टिम मॅकार्टनी-स्नेप या ऑस्ट्रेलियन गिर्यारोहकाला हा मुद्दा मनापासून पटलेला दिसतो, कारण १९९० मध्ये तो बंगालच्या उपसागराकाठी गंगासागराहून पायी निघाला आणि एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत पायीच गेला. मालगुंडात ही हकीकत सांगितल्यास दोन शंका निघतात: अरबी समुद्र असताना तो तिकडे कशाला गेला ही पहिली, आणि परत कशाने आला ही दुसरी.

हिमालयाचे पंचांग आणि कोकणाचे पंचांग यांचे मुळातच जमत नाही, ही या विषयातली सर्वांत गंभीर बाब होय. नेपाळच्या बाजूला चढाईचे हंगाम दोन, पावसाळ्याआधीचा एप्रिल-मे आणि पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर. पैकी एप्रिल-मे हे हापूस उतरवण्याचे दिवस. ऑक्टोबरात भातकापणी असते. जून ते सप्टेंबर लावणी, बेणणी आणि गणपती यांत जातात, आणि तेव्हा हिमालयही ढगांत असतो. थंडीत मोहोराची राखण आणि फवारणी, फाल्गुनात शिमग्याची पालखी. निसर्गाने मालगुंडकराला डोंगरावर जाण्यासाठी एकही आठवडा मोकळा ठेवलेला नाही, आणि हे निसर्गाने जाणूनबुजून केले असावे असे गावातील जाणत्यांचे मत आहे. याचा अर्थ, मे महिन्यात जो मालगुंडकर हिमालयात जातो त्याने आंबे उतरवण्याचा झेला, पेट्या, गवत आणि वाशीच्या दलालाचा फोन हे सर्व मागे दुसऱ्याच्या स्वाधीन केलेले असते. हा दुसरा मनुष्य बहुधा चुलतभाऊ असतो. चुलतभावाच्या हाती ऐन हंगामातली बाग सोपवणे हे धाडस मानायचे, तर त्यापुढे ज्या गोष्टी येतात, म्हणजे हिमनदीतील भेगा, हिमवादळे, विरळ हवा, त्यांना वेगळे धाडस म्हणावे की नाही हा प्रश्न उरतो.

दुसरी बाब तात्त्विक आहे. शेजारच्या गणपतीपुळ्यात डोंगर हाच देव मानला जातो; देऊळ डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि भाविक सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणा डोंगराभोवती घालतात. डोंगरावर चढत मात्र नाहीत. डोंगर दिसला की त्याच्याभोवती फिरून घरी यावे, वर पाय ठेवू नये, हा संस्कार या परिसरात एवढा पक्का आहे की शिखरावर जाण्याच्या बेताला घरातून पहिला विरोध धर्माच्या बाजूने होतो. गिर्यारोहणाचा इतिहास पाहिला तर हा विरोध अडाणीपणाचा ठरत नाही. जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे १९५५ मध्ये कांचनगंगेवर प्रथम पोहोचले तेव्हा सिक्कीमच्या राजाला दिलेल्या शब्दाप्रमाणे माथा काही फूट वर ठेवून थांबले, आणि पुढे ही रीत अनेकांनी पाळली. कैलासावर कोणी चढत नाही, त्याची परिक्रमाच करतात. माछापुच्छ्रे या नेपाळमधील शिखरावर १९५७ मध्ये जिमी रॉबर्ट्स यांची तुकडी गेली, ती माथ्याच्या सुमारे १५० फूट खालून परत फिरली, आणि त्यानंतर नेपाळ सरकारने ते शिखर बंद केले. थोडक्यात, पुळ्याच्या गणपतीचा नियम हिमालयातही जागोजाग लागू आहे. आजीचा प्रश्न त्यामुळे अगदी नेमका असतो. “देऊळ आहे काय तिथे?” असे ती विचारते. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे, तेथे जाऊन धाप लागली तर तिला पुण्य म्हणतात. ज्या आयलंड पीक नावाच्या नेपाळी शिखरावर जायचे असते तेथे देऊळ नाही हे कळल्यावर तेथली धाप कोणत्या खात्यावर टाकायची हे तिला ठरवता येत नाही. मोहिमेनंतर प्रमाणपत्र मिळते असे सांगून पाहण्यात अर्थ नसतो, कारण प्रमाणपत्राने मोक्ष मिळाल्याचे उदाहरण गावात नाही.

वर उल्लेखलेले जिमी रॉबर्ट्स हेच या व्यवसायाचे नेपाळमधील आद्य पुरुष होत. गुरखा पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी १९६४ मध्ये ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही पदभ्रमण घडवणारी संस्था काढली, आणि त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणून १९६५ मध्ये तीन अमेरिकन महिला आल्या. मोठ्या मोहिमांना लागणारे तंबू, स्वयंपाकी, भारवाहक आणि सरदार (म्हणजे शेर्पांचा मुकादम) हे सर्व तसेच ठेवायचे आणि शिखर तेवढे वगळायचे, ही त्यांची कल्पना होती, आणि तिची प्रतिभा वगळण्यात आहे. पुढे वगळलेले शिखरही हप्त्याने परत देण्यात आले: नेपाळने १९७८ मध्ये अठरा लहान शिखरे ‘ट्रेकिंग पीक’ म्हणून खुली केली, ज्यांच्यासाठी परवाना सोपा आणि शुल्क कमी. ‘लहान’ हा शब्द येथे नेपाळी मापाने घ्यायचा आहे. या यादीतले आयलंड पीक, स्थानिक नावाने इम्जा त्से, ६,१८९ मीटर उंच आहे; म्हणजे कळसूबाईवर, जी महाराष्ट्रात १,६४६ मीटरांसह सर्वोच्च आहे, आणखी एक कळसूबाई, तिच्यावर तिसरी आणि तिच्यावर पाऊण कळसूबाई रचल्यास त्याची बरोबरी होते. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील काही जण सरावासाठी म्हणून या शिखरावर जाऊन आले होते. सध्या सरावाखेरीज दुसरे काहीही न करता लोक थेट तेथे जातात.

मराठी माणसाच्या हिमालयाच्या वाटेत या धंद्याचा प्रवेश तसा उशिराचा आहे. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातील शिबिरांनी कित्येक वर्षे मराठी मध्यमवर्गाला स्वस्तात बर्फ दाखवला, आणि तेथे ताट आपले आपण घासावे लागत असल्यामुळे त्या बर्फाला चारित्र्यही होते. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक त्याच माथ्यावर गेले आणि २०१९ मध्ये त्याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेवर. या मोहिमांमागे अनेक वर्षांची तयारी, वर्गणी, सभा आणि सभांमधले वाद होते. व्यावसायिक मोहिमेत वर्गणी नसते, सभा नसते, आणि वाद घालण्यास बंदी असते. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी मालगुंडकराला आवडतात. तिसरी त्याला काठमांडूत पोहोचेपर्यंत कळत नाही.

सराव हे प्रकरण थोडक्यात आटोपण्यासारखे आहे. गावात चढ म्हणजे समुद्राच्या पातळीवरून सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर, नेणारी पाखाडी. तिच्या जांभ्याच्या पायऱ्या पाठीवर पोत्यात वाळू घेऊन रोज पहाटे चढणारा मनुष्य गावाला पहिले दोन दिवस नवसाचा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला वर जाताजाता आमच्या घरचा गॅसचा सिलिंडरही घेऊन जा असे सांगते.

साधनांचे प्रकरण मात्र सविस्तर पाहायला हवे, कारण कोकणी बुद्धी आणि हिमालयी शास्त्र यांची पहिली गाठ तेथे पडते. शिखरासाठी जी सामग्री लागते तिच्यात हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना आवळायचा पट्टा; कॅराबिनर, म्हणजे स्प्रिंगच्या दाराची धातूची कडी; क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतावेत म्हणून बुटाखाली बांधायचे अणकुचीदार काटे; आणि जुमार, म्हणजे स्थिर दोरावर वर सरकणारा परंतु दात्यांमुळे खाली न घसरणारा मुठीचा चाप, या वस्तू येतात. हे सर्व काठमांडूच्या थामेल बाजारात भाड्याने मिळते. मालगुंडात या वस्तूंची छायाचित्रे पाहून सर्वांत मूलगामी अभिप्राय पाडेल्याने, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याने, दिला तर त्याचे नवल वाटू नये. पाडेली पावलांत दोरीचा वेढा अडकवून, कमरेला कोयता खोचून, साठ-सत्तर फुटांचा माड एका दमात चढतो. पोफळीवरचा गडी तर एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरीच्या शेंड्यावर जातो आणि मधले उतरणे वाचवतो. या कामाला परवाना, हेल्मेट, चाप आणि मार्गदर्शक लागत नाही, विमा उतरवण्यास कोणी धजत नाही, आणि मजुरी झाडागणिक मिळते. म्हणून हिमालयात जो दोरावर चढतो तो चढणाराच पैसे भरतो हे ऐकल्यावर पाडेली बराच वेळ गप्प राहतो आणि मग विचारतो, “वर गेल्यावर पाडायचं काय?” गिर्यारोहणाच्या तत्त्वज्ञानावर युरोपात शेकडो पुस्तके झाली, त्यांपैकी पुष्कळ याच प्रश्नाभोवती फिरतात आणि तितक्या कमी शब्दांत तो कोणी मांडलेला नाही.

प्रत्यक्ष प्रवासाला लुक्ला येथून आरंभ होतो. तेथील धावपट्टी ५२७ मीटर लांब असून ती सुमारे बारा टक्के उताराने डोंगरात चढत जाते, म्हणजे उतरणारे विमान चढाला लागून थांबते आणि निघणारे विमान उताराला लागून सुटते. पूर्ण उंचीच्या मानकऱ्याने २,८६० मीटर उंचीवर बसून उतरणे हे त्याच्या मूळ सिद्धान्ताला बाधक आहे. सिद्धान्त तेथे तात्पुरता मिटवून पिशवीत ठेवला जातो. पिशवीला वजनाची मर्यादा असते, लुक्लाच्या विमानात हातातल्या सामानासह साधारण पंधरा किलो. आणि त्यांतले चार किलो आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचे पीठ, मेतकूट आणि कोकमाचे आगळ यांनी आधीच व्यापलेले असल्यामुळे उबदार कपड्यांवर अन्याय झालेला असतो.

या शिदोरीची वैज्ञानिक बाजू प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत येत नाही, म्हणून येथे नोंदवणे अवश्य आहे. हवेचा दाब उंचीबरोबर घटतो आणि त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळू लागते. दर ३०० मीटरला साधारण एक अंश या हिशेबाने पाच हजार मीटरवरचे पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळते, आणि मग कितीही जाळ घातला तरी ते त्याहून गरम होत नाही. उघड्या भांड्यातला तांदूळ तेथे उकळत राहतो, शिजत नाही. तेथे भात प्रेशर कुकरशिवाय होत नाही, आणि उकड्या तांदळाचा भात खाऊन वाढलेल्या माणसाने तो विचारही मनात आणू नये. कुळथाचे पिठले मात्र पीठच असल्यामुळे या संकटातून सहीसलामत बाहेर पडते. लॉजच्या स्वयंपाकघरात शिरून, आचाऱ्याला बाजूला सारून, ४,४१० मीटरवरच्या दिंगबोचेत कुळथाची पिठी करून दाखवणे हा मालगुंडकराचा मोहिमेतला शेवटचा स्वतंत्र निर्णय असतो.

कारण यापुढे गाईडचे राज्य सुरू होते. उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण बदलत नाही, ते २१ टक्केच राहते. परंतु दाब घटल्याने श्वासागणिक मिळणारा प्राणवायू कमी होतो, आणि साधारण साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या निम्मा भरतो. शरीराला याची सवय करून द्यायची तर तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज फार तर पाचशे मीटरनी वाढवायची, अधूनमधून एक दिवस थांबायचे, आणि दिवसा अधिक उंचीवर जाऊन झोपायला खाली यायचे, असा नियम आहे. हा नियम न पाळणाऱ्याचे डोके दुखते, अन्न नकोसे होते, आणि त्याहीपुढे गेल्यास मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठून मनुष्य मरतो. थट्टेचा विषय तेवढ्यापुरता थांबतो. गाईड म्हणून जो तरुण बरोबर असतो त्याचे वय बहुधा मालगुंडकराच्या मुलाएवढे. पण त्याच्या वडिलांनी, काकांनी आणि मामांनी हीच वाट आयुष्यभर तुडवलेली असते. त्याच्याच शेर्पा समाजातील कामी रिता यांनी मे २०२५ पर्यंत एकतीस वेळा एव्हरेस्ट चढलेले आहे, यावरून तेथे अनुभव हा शब्द कोणत्या मापाने वापरतात ते ध्यानात येईल. हा तरुण दिवसभरात जे थोडे बोलतो त्यात ‘बिस्तारै’, म्हणजे हळूहळू, हा शब्द सर्वांत जास्त वेळा येतो. मालगुंडकराला जन्मात प्रथमच कोणीतरी हळू चाल असे सांगत असते. एरवी कोकणातल्या माणसाच्या संथपणावर मुंबईचे नातेवाईक टीका करत आलेले असतात, आणि इथे त्याच गुणाला शास्त्राचा आधार मिळाल्याचे पाहून त्याचा गाईडवर विश्वास बसतो.

रोज संध्याकाळी गाईड पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातील प्राणवायूचे शेकडा प्रमाण दाखवणारा चिमटा, घेऊन येतो आणि प्रत्येकाचा आकडा वहीत तारीखवार लिहितो. घरी जो आकडा ९७-९८ असतो तो तेथे ऐंशीच्या आसपास आला तरी ठीक मानतात. येथे मराठी मध्यमवर्गाचा एक जुना दोष उफाळून येतो, तो म्हणजे शेकडा प्रमाण दिसले की शेजाऱ्याचे विचारणे. तुकडीतल्या पुण्याच्या मनुष्याचे ८६ आणि आपले ८१ असे निघाले की मालगुंडकर बोट बदलून मागतो, मग हात चोळून मागतो, मग यंत्राच्या सेलविषयी शंका घेतो. गाईड हसतो आणि ८१ लिहितो. पाणी रोज तीन-चार लिटर प्यायचे, सवयीला मदत म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने डायमॉक्स घ्यायची, आणि या दोहोंचा संयुक्त परिणाम म्हणून शून्याखाली कितीतरी अंश थंडीत रात्री तीनदा बाहेर जायचे; या शेवटच्या उपक्रमात हिमालयाचे तारांकित सौंदर्य सर्वांत जास्त पाहिले जाते, पण प्रवासवर्णनांत त्या सौंदर्याचे निमित्त कोणी सांगत नाही.

शिखराच्या रात्री एक-दोनच्या सुमारास निघायचे असते. बेस कॅम्प, म्हणजे पायथ्याचा तळ, ५,०८७ मीटरवर; तेथून कपाळावरच्या दिव्यांच्या उजेडात खडकांची चढण, मग हिमनदी, तिच्या भेगांवर टाकलेल्या ॲल्युमिनियमच्या शिड्या, आणि शेवटी साधारण शंभर मीटरची उभी बर्फाची भिंत, जिच्यावर शेर्पांनी दोर आधीच लावून ठेवलेला असतो. या भिंतीपाशी जे घडते त्यासाठी मालगुंडचा मनुष्य मुद्दाम निवडला. गावी हा मनुष्य बांधावरच्या एका फणसासाठी दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो. ग्रामसभेत ठरावाच्या मसुद्यातला स्वल्पविराम तो मंजूर होऊ देत नाही. डॉक्टरने दिलेली गोळी तो अर्धी करून घेतो, कारण पूर्ण गोळी देण्यात डॉक्टरचा काहीतरी हेतू असतो. तोच मनुष्य भिंतीखाली दोन्ही हात वर करून उभा राहतो आणि विशीतला पोरगा त्याच्या कमरेचा पट्टा आवळतो, कडी दोरात अडकवतो, जुमार मुठीत देतो, टोपीचे बंद बांधतो आणि नाकही पुसायला लावतो. ‘चलो’ म्हटले की तो चालतो. ‘रुको’ म्हटले की थांबतो. ‘पानी’ म्हटले की पितो. ‘का’ हा प्रश्न, ज्यावर मालगुंडातील सर्व सार्वजनिक जीवन उभे आहे, तो सहा हजार मीटरवर एकदाही विचारत नाही. याचे श्रेय प्राणवायूच्या अभावाला द्यावे असा एक पक्ष आहे. परंतु त्याच वेळी पुण्याचा मनुष्य, ज्याला तेवढाच प्राणवायू मिळत असतो, दोराची गाठ चुकीची असल्याचे गाईडला सांगत असतो, त्यामुळे हा पक्ष टिकत नाही. अधिक संभवनीय असे की, आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची खातरी स्वतः करून घेण्याचे जे ओझे त्याने वाहिले, ते कोणाच्या तरी खांद्यावर द्यायला तो इतक्या लांब आलेला असतो, आणि पत्रकातील किमतीत ही सेवा समाविष्ट असल्याचे कोणी लिहिलेले नसते.

माथा अरुंद आहे. जेमतेम काही माणसे उभी राहतील एवढा. उत्तरेला ल्होत्सेची दक्षिण भिंत इतकी जवळ आणि इतकी वर उभी असते की आपण शिखरावर आहोत की विहिरीत हे क्षणभर कळत नाही, आणि या ल्होत्सेच्याच आड एव्हरेस्ट असल्यामुळे ते आयलंड पीकवरून दिसत नाही. ही माहिती सहसा वर गेल्यावर मिळते. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरूनही एव्हरेस्टचा माथा दिसत नाही, त्यासाठी काला पत्थर नावाच्या दुसऱ्या टेकाडावर जावे लागते. तात्पर्य, ज्याच्या नावाने सर्व व्यवहार चालतो तो स्वतः पडद्याआड राहतो. फोटो काढायला पंधरा मिनिटे मिळतात. त्यांत तिरंगा, संस्थेचा फलक, गावच्या मंडळाचा फलक, आणि ज्या नातेवाइकाने उसने बूट दिले त्याच्या दुकानाचा फलक असे चार फोटो बसवावे लागतात. मग गाईड घड्याळ पाहून ‘अब नीचे’ असे म्हणतो, आणि पूर्ण उंचीचा मानकरी वाद न घालता वळतो.

परतीच्या वाटेवर लुक्लात ढग आल्यामुळे विमाने सुटत नाहीत आणि दोन-तीन दिवस लॉजमध्ये बसावे लागते, ही तेथली नित्याची गोष्ट आहे. गाईड आणि भारवाहक यांना बक्षिसी देण्याचा प्रघात असून ती किती द्यावी याची चर्चा या दिवसांत होते. भरपूर प्राणवायू, भरपूर चहा आणि दुसरे काम नाही, अशा अनुकूल परिस्थितीत ती चर्चा दोन बैठका चालते. दर माणशी की दर दिवशी, रुपयांत की नेपाळी रुपयांत, आणि ज्याच्या पाठीवर आपले आंबापोळीचे ओझे होते त्याला वेगळे काही द्यावे की नाही, या मुद्द्यांवर मतभेद होतात. मालगुंडकराने पहिली बैठक गप्प राहून काढणे आणि दुसऱ्या बैठकीत प्रथमच ‘पण का?’ असे विचारणे ही प्रकृती पूर्ववत होत असल्याची खूण समजावी.

उंचीची सवय सखल भागात आल्यावर दोन-तीन आठवड्यांत नाहीशी होते असे वैद्यकशास्त्र सांगते. आज्ञाधारकपणा त्याहून लवकर जातो. गावी परतल्यावर शाळेत सत्कार होतो, शाल आणि नारळ मिळतो, आणि तो नारळ पाडेल्यानेच पाडलेला असतो याचा उल्लेख भाषणात कोणी करत नाही. त्यानंतरच्या आठवड्यात वाशीहून पट्टी येते. दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबाला बागायतदार पट्टी म्हणतात. तीत पेट्या किती पोहोचल्या, डागी किती निघाल्या, भाव काय लागला आणि हमाली, तोलाई, दलाली वजा जाता हाती काय आले हे लिहिलेले असते. पट्टीवरच्या पेट्या आणि चुलतभावाच्या वहीतल्या पेट्या यांचा मेळ बसत नाही. मोहिमेच्या प्रत्येक संध्याकाळी आपल्या रक्तात किती प्राणवायू होता हे तारीखवार सांगता येणाऱ्या मनुष्याला मे महिन्यात आपल्या बागेतून किती पेट्या निघाल्या हे सांगता येत नाही, आणि चुलतभावाच्या वहीत आकडे आहेत पण तारखा नाहीत. ओटीवर चुलतभावाची वही, पट्टी आणि शिखराचे प्रमाणपत्र शेजारी शेजारी मांडून बसलेला मालगुंडकर चष्मा पुसतो, चुलतभावाला हाक मारतो, आणि पहिल्या पेटीपासून विचारायला सुरुवात करतो.